स्टुलावर चढण्यापूर्वी

होळी झाली की माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. कोणाचे मनगट सुजलेले असते, कोणाची कंबर धरलेली असते, कोणाच्या कपाळावर टेंगूळ आलेले असते. कसे लागले, असे विचारले की उत्तर बहुधा हळू आवाजात येते, "काही नाही, जरा स्टुलावर चढलो होतो." थंडीचे तीन-चार महिने निवांत असलेला छतावरचा पंखा उकाडा सुरू होताच करकरू लागतो, मंद फिरतो, नाहीतर पात्यांवरची धूळ खाली सोडतो. घरातील ज्येष्ठांना ते पाहवत नाही. एवढ्याशा कामासाठी माणूस कशाला बोलवायचा, या विचाराने स्टूल ओढले जाते. आजचा लेख त्या स्टुलाविषयी आहे.

एका गृहस्थांची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ७३. आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून काम केलेले. स्वतःच्या घरातील सगळे पंखे त्यांनीच बसवलेले, शेजाऱ्यांच्या घरचेही अनेक. बैठकीच्या खोलीतील पंखा मंदावला होता. कंडेन्सर गेला आहे, हे त्यांनी अचूक ओळखले आणि नवा आणूनही ठेवला. मुलाला बसवायला सांगितले. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी, घरी पत्नीखेरीज कोणी नसताना, त्यांनी दिवाणावर स्टूल ठेवले आणि वर चढले. मेन स्विच आठवणीने बंद केला होता. विजेच्या बाबतीत त्यांची काहीही चूक झाली नाही. पंख्याचा कप खाली सरकवण्यासाठी त्यांनी मान वर केली, क्षणभर गरगरले आणि ते खाली आले. उजव्या खुब्याचे हाड मोडले.

यात मला टोचत राहिलेली गोष्ट निराळी आहे. पंधराच दिवसांपूर्वी ते माझ्याकडे येऊन गेले होते. "वर पाहिलं की जरा गरगरतं, डॉक्टर," असे त्यांनी सांगितलेही होते. मी रक्तदाब मोजला, एका गोळीची वेळ बदलून दिली. घरात तुम्ही कशावर चढता का, हे मात्र विचारले नाही. तेव्हापासून साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला मी हा प्रश्न विचारतो.

हात तेच, तोल तो नाही

या गृहस्थांचे कौशल्य तिळमात्र कमी झाले नव्हते. वर्षानुवर्षे केलेले काम हातांत मुरलेले असते. ते सहसा विसरले जात नाही. शरीराचा तोल मात्र वयाबरोबर आपल्या नकळत उतरत जातो. हात पूर्वीसारखे चालतात, म्हणून आपणही पूर्वीसारखेच आहोत असे वाटते. घात होतो तो या समजुतीने.

शरीराचा तोल तीन आधारांवर उभा असतो. पहिला डोळ्यांचा, दुसरा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा आणि तिसरा पावलांतून व सांध्यांतून मेंदूला पोहोचणाऱ्या जाणिवेचा. जमिनीवर चालताना एखादा आधार थोडा कमी पडला, तर उरलेले दोन सांभाळून घेतात. स्टुलावर उभे राहून छताकडे पाहताना तिन्ही एकाच वेळी कमजोर होतात. डोळ्यांपुढे भिंत, दार, खिडकी असे स्थिर काही उरत नाही. मान मागे टाकल्यामुळे आतल्या कानाला मिळणारी सूचना नेहमीपेक्षा वेगळी होते. पावलांखाली जेमतेम हातभर फळी असते. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर फळीची कड कोठे संपते हेही कळत नाही.

यात आणखी काही गोष्टींची भर पडते. आतल्या कानात चुन्याच्या क्षाराचे अतिसूक्ष्म खडे असतात. ते जागचे हलले, की वर पाहताना, वाकताना किंवा अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद जोरदार गरगरते. हा त्रास उतारवयात पुष्कळांना होतो. विशिष्ट पद्धतीने डोके वळवून तो बहुधा बरा करता येतो. महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या घेत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. "वर पाहिल्यावर गरगरते" हे वाक्य म्हणून डॉक्टरांना जरूर सांगा, आणि त्यावर उपचार होईपर्यंत शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाऊल ठेवू नका.

रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांमुळे उभे राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. त्याची चाचणी घरच्या यंत्रावर करता येते. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजा. मग उभे राहून एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी मोजा. त्या वेळी कोणीतरी शेजारी उभे असू द्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

चश्म्याचाही विचार करावा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा खालचा भाग वाचनासाठी असतो. खाली उतरताना त्यातून पाहिले की पायरी अस्पष्ट दिसते आणि तिच्या अंतराचा अंदाज चुकतो. चढताना काही होत नाही, पडणे होते ते उतरताना, असे अनेक जण सांगतात. त्याचे एक कारण हे आहे. शिवाय हात डोक्याच्या वर धरून केलेल्या कामाने हृदयावर ताण येतो. ज्यांना अँजायनाचा त्रास आहे किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचे वजन चार-पाच किलो असते. तो एका हाताने पेलून दुसऱ्या हाताने बोल्ट घालणे हे तरण्या माणसालाही एकट्याने करण्याचे काम नाही.

"लाइट नाही, आता हात घालू" हा भ्रम

आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्टचा असतो. पंख्याला हात लावण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी चुकीच्या तारेवर बसवलेले असते. मग बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत वीज पोहोचलेली असते. रेग्युलेटर शून्यावर आणला म्हणजे वीज बंद झाली, असे तर मुळीच समजू नये. पुरवठा मुख्य स्विचवर, म्हणजे एमसीबीवरच बंद करावा.

इन्व्हर्टर असलेल्या घरात एवढ्यानेही भागत नाही. मेन बंद केला की लाइट गेली असे समजून इन्व्हर्टर आपले काम सुरू करतो आणि त्याला जोडलेल्या पंख्याला वीज पुरवू लागतो. पंखे बहुधा इन्व्हर्टरवरच असतात. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत आणि त्यानंतर टेस्टरने खात्री करावी. टेस्टर स्वतः चालू स्थितीत आहे ना, हे पुरवठा बंद करण्याआधी चालू प्लगवर तपासून घ्यावे. भारनियमनाच्या वेळी वीज नाही म्हणून काम उरकून घेण्याचा मोह तर टाळावाच. वीज परत येताना कोणाला विचारून येत नाही. पंख्यातील कंडेन्सर पुरवठा बंद झाल्यावरही थोडा काळ वीज धरून ठेवू शकतो, हेही लक्षात असावे.

एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, असे अनेकांना वाटते. एमसीबी प्रामुख्याने वायरिंगचे रक्षण करतो. तारेतून तिच्या क्षमतेबाहेर वीज वाहू लागली, तर तो पडतो. माणसाच्या जिवाला त्याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. माणसासाठी आरसीसीबी नावाचे उपकरण असते. आत जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, तर ते क्षणार्धात पुरवठा तोडते. जुन्या घरांत ते बहुधा नसते. वायरमन येईल तेव्हा आपल्या बोर्डावर ते आहे का, हे विचारून घ्या. असल्यास त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ते पडते ना, हे पाहा. नसल्यास बसवून घ्या. ज्येष्ठांच्या घरात हा खर्च वायफळ नाही. मात्र दोन्ही तारा एकाच वेळी हाताला लागल्या, तर हे उपकरणही वाचवेलच असे नाही. आधी पुरवठा बंद, हा नियम म्हणूनच कायम.

जमिनीवरून पंखा कसा तपासावा

आता ज्येष्ठांनी काय करावे? काहीच करू नये, असे मी म्हणणार नाही. पंखा तपासण्याचे निम्म्याहून अधिक काम खुर्चीत बसून होते.

पंखा चालू करून पाच मिनिटे शांतपणे ऐका. करकर असेल, तर बेअरिंगकडे संशय जातो. सर्व वेगांवर मंद फिरत असेल, तर बहुधा कंडेन्सर उतरलेला असतो. डुलत असेल, तर पात्यांचे स्क्रू ढिले आहेत का, एखादे पाते वाकले आहे का, हे पाहण्याची सूचना वायरमनला द्या.

मग पंखा बंद करून बॅटरीच्या उजेडात छताकडे पाहा. हुकाभोवतीच्या स्लॅबला तडे गेले आहेत का, प्लास्टर फुगले किंवा गळले आहे का, गंजाचे तांबूस डाग आहेत का? कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात खाऱ्या हवेमुळे लोखंड लवकर गंजते. असे काही दिसले, तर त्या पंख्याखाली झोपणे त्याच दिवसापासून बंद करा. जुन्या वाड्यात पंखा लाकडी तुळईला टांगलेला असेल, तर तेथे वाळवी नाही ना, हे पाहून घ्यावे. खोलीला शोभेचे खोटे छत असेल, तर पंख्याचा भार त्यावर नको. तो वरच्या स्लॅबमधील हुकावरच असला पाहिजे.

वायरमन आल्यावर खाली बसून चार गोष्टी विचारा. हुकाला अडकवणाऱ्या बोल्टमधील रबरी बुश झिजला आहे का? बोल्टच्या टोकाला कॉटर पिन घातली का आणि तिचे पाय फाकवले का? पंख्याला अर्थिंग जोडले का? पाती जमिनीपासून निदान आठ फुटांवर आहेत का? नवा पंखा घ्यायचा असेल, तर रिमोटवर चालणारा बीएलडीसी पंखा ज्येष्ठांना सोयीचा पडतो. जेथे जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, तेथे हा साधारण ३० वॉटमध्ये चालतो. रात्री थंडी वाजली तर अंधारात उठून रेग्युलेटर चाचपावा लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ. मात्र तो बसवताना जुना रेग्युलेटर जोडणीतून काढून टाकायला सांगा.

धूळ पुसण्यासाठीही चढण्याची गरज नाही. लांब दांड्याचे, पात्याच्या दोन्ही बाजू पुसणारे ब्रश बाजारात मिळतात. पंखा पूर्ण थांबल्यावर जमिनीवर उभे राहून, मान फार मागे न टाकता, एकेक पाते पुसावे. मान अवघडली किंवा गरगरले, तर खाली बसावे. उरलेली पाती उद्या.

जमिनीवरची दुरुस्ती तर अजूनही आपलीच आहे. दाराच्या बिजागऱ्यांना तेल, कपाटाची ढिली मूठ, नळाचा वायसर, मेनच्या बोर्डावर कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा याच्या चिठ्ठ्या, दुरुस्त्यांच्या तारखांची वही ही कामे बसून किंवा उभ्याने होतात. हातांना काम राहते आणि घराला त्याचा उपयोग होतो.

मुला-सुनांसाठी चार शब्द

आई-वडील स्टुलावर चढले, की आपण रागावतो. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" असे विचारतो. खरे उत्तर पुष्कळदा असे असते, की सांगूनही कोणी केले नाही म्हणून ते चढले. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या घरी कंडेन्सर तीन आठवडे टेबलावर पडून होता. आपल्या दृष्टीने ते दहा मिनिटांचे काम असते. दिवसभर त्याच पंख्याखाली बसणाऱ्याला तो रोज दिसतो. तीनदा सांगून काम झाले नाही, की चौथ्यांदा सांगणे त्याला याचनेसारखे वाटू लागते. मग तो आपली दुपार निवडतो, घरी कोणी नसतानाची.

म्हणून नुसती बंदी घालू नका. महिन्यातील एक दिवस ठरवा, पहिला रविवार म्हणा. उंचावरची सगळी कामे त्या दिवशी होतील, हे घरात सर्वांना ठाऊक असू द्या. पंख्यासारखे अडलेले काम तेवढेही थांबवू नये. वायरमनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत टेलिफोनजवळ लावा आणि त्याला बोलावण्याची पूर्ण मुभा आई-वडिलांना द्या. पैशांचा हिशेब त्यांच्याकडे मागू नका. डगमगणारे स्टूल घरातून काढून टाका. काम तुम्ही स्वतः करणार असाल, तर रबरी पायांची घडीची शिडी वापरा, एक माणूस खाली धरायला ठेवा आणि सूचना वडिलांना देऊ द्या. हे मी त्यांचे मन राखण्यासाठी सांगत नाही. त्यांना त्यातले खरोखर कळत असते.

दुर्दैवाने पडणे झालेच तर

पडलेल्या ज्येष्ठाला लगेच उठवून बसवण्याची घाई करू नका. खुबा किंवा जांघ दुखत असेल, पाय उचलता येत नसेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर हाड मोडल्याची दाट शक्यता असते. पाय ओढू नका, चोळू नका, चालवून पाहू नका. अंगावर पांघरूण घाला आणि महाराष्ट्रात असाल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने खायला-प्यायला देऊ नका. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी. अंथरुणाला खिळून गेलेला प्रत्येक दिवस न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढवतो.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर बाहेरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधीकधी काही आठवड्यांनी लक्षात येतो. वाढती डोकेदुखी, सुस्ती, चालण्यात किंवा बोलण्यात बदल दिसला, तर आधीच्या पडण्याची आठवण डॉक्टरांना आवर्जून करून द्या.

कोणाला शॉक लागला असेल, तर त्याला स्पर्श करण्याआधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. ते तत्काळ शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर करा. हाक मारून प्रतिसाद नसेल आणि श्वास चालत नसेल, तर मदत बोलवा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, साधारण पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. शॉक लागलेला माणूस उठून बसला, तरी हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

ते गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी काठीच्या आधाराने चालू लागले. पूर्वीसारखे चालणे मात्र परत आले नाही. मध्यंतरी त्यांच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा वायरमनचा तरुण मदतनीस शिडीवर होता आणि हे खुर्चीत. काम झाले असे म्हणून तो उतरू लागला, तसे हे म्हणाले, "बाळा, पिन घातलीस, पण तिचे पाय फाकवले नाहीस." मुलाने वर पाहिले. खरेच राहिले होते. तो पुन्हा चढला.

या पंधरवड्यात एवढेच करा. घरात जे स्टूल चढण्यासाठी वापरले जाते, ते कोणते आणि त्यावर शेवटचे कोण चढले, हे घरातील सर्वांनी मिळून एकमेकांना विचारा. उत्तर हळू आवाजात आले, तर रागावू नका. चढण्याचे कारण काय होते, ते विचारा आणि ते काम येत्या रविवारी करून टाका.